लंडनचा नकाशा आणि नाकेदारांचे पाच ऐतवार

मी घडीचा नकाशा आहे, मित्रांनो, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्यावर लंडन शहर छापलेलं आहे. घडीचा म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण माझ्या उभ्या आयुष्यात ते फार थोड्यांनी समजून घेतलं. मला उघडताना आधी आडवं उघडायचं, मग उभं. मिटताना बरोबर उलटं. यात काही अवघड आहे का? शेंबडं पोरही करील. पण नाही! जो येतो तो मला धुतलेल्या लुंगीसारखा चुरगाळतो, गुडघ्यावर ठेवून दाबतो आणि वर म्हणतो, "हा नकाशा काई मिटत नाई बा!" मी मिटत नाही? तुम्हाला मिटता येत नाही!

असो. चिडलो की माझ्या घड्या ताणतात, आणि या वयात ते बरं नाही.

माझा जन्म लंडनमधल्याच एका छापखान्यात झाला. आधी काळा रंग, मग निळा, मग हिरवा, मग तांबडा, असा मी चार वेळा यंत्राखालून गेलो. नंतर एका मुलीने माझे तुकडे करून ते पातळ कापडावर चिकटवले, म्हणजे मी घडीवर फाटू नये. तिच्या हाताला जी चिकाटी होती ती मला पुढे क्वचितच दिसली. खालच्या उजव्या कोपऱ्यात माझं प्रमाण छापलं होतं. चार इंच म्हणजे एक मैल. नकाशाला प्रमाण म्हणजे माणसाला जीभ. ते गेलं की बाकी सगळं नुसतं चित्र.

एका तरुण साहेबाने मला विकत घेतलं. त्याला हिंदुस्थानात जंगलखात्यात नोकरी लागली होती. पेटीत पडून मी बोटीने मुंबईला, तिथून नागपूरला आणि शेवटी छोट्या गाडीने चांदा जिल्ह्यात आलो. साहेब सागवानाच्या जंगलात महिनोन्महिने फिरायचा. मुक्कामाच्या बंगल्यात पोचला की मला टेबलावर पसरायचा आणि एका गल्लीवर बोट ठेवून नुसता बसायचा. तिथे त्याचं घर होतं. त्याने मला एकदाही चुकीचं मिटलं नाही. माझ्या कामाचे आणि कौतुकाचे दिवस तेच.

सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी परतला. जाताना त्याने आपल्या वस्तू वाटून टाकल्या. खानसाम्याला किटली मिळाली आणि भैयाजी नाकेदारांना मी. भैयाजी म्हणजे जंगलाच्या नाक्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. खाकी कोट, कानावर पेन्सिल, आणि आवाज असा की गाडीवान लांबूनच बैल थांबवायचे. मूल गावात त्यांचं घर होतं आणि पुढे पेन्शन घेऊन ते तिथेच राहिले. मला त्यांनी ट्रंकेत ठेवलं. आठ वर्षं! वर गोधडी, खाली डांबराच्या गोळ्या. त्या गोळ्यांना न जुमानता उंदराने माझा एक कोपरा कुरतडला. कोणता कोपरा? विचारूच नका. पुरं प्रमाण खाल्लं नाही मेल्याने, नुसती कड कुरतडली. पण भैयाजींना नीटनेटकेपणाचा भारी सोस. त्यांनी भाताची खळ केली, तेंदूपानांच्या जुन्या सरकारी नोटिशीचा एक तुकडा कापला आणि कुरतडलेल्या जागेवर चिकटवला. ठिगळ चांगलं वीतभर! चार इंच म्हणजे एक मैल, हे शब्द त्याखाली गाडले गेले. लंडनच्या कोपऱ्यात आता 'पाने ओली आणू नयेत' असं लिहिलेलं दिसायला लागलं.

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

सन एकोणीसशे पंचावन्न. मूलच्या एका आरागिरणीत कय्यूम नावाचा मिस्त्री होता. लोखंड त्याचं ऐकायचं, असा हात. गिरणीच्या शेठने विलायतेहून लाकूड कापायचं नवं यंत्र मागवलं होतं आणि ते चालवायला शिकण्यासाठी एका मिस्त्रीने सहा आठवडे लंडनला यावं, असं यंत्र करणाऱ्या कंपनीने कळवलं. भैयाजींनी शेठजवळ कय्यूमचं नाव घेतलं आणि कय्यूमचं जाणं ठरलं. सहा दिवस कारखाना, ऐतवारी सुट्टी. मधले पाच ऐतवार मोकळे.

झालं! गावात कुणाला झोप येईना. कय्यूमने लंडनमध्ये काय काय पाहावं हे ठरवायला अर्धं गाव भैयाजींच्या ओसरीवर जमलं. ट्रंक उघडली गेली. मला बाहेर काढून चटईवर पसरलं. आधी उभं उघडलं, मग आडवं. कर्म माझं.

"सरका, सरका. उजेड येऊ द्या," भैयाजी म्हणाले आणि उकिडवे बसले. "हे पाहा. जंगलाच्या नकाशाले एक अंगठा म्हंजे एक मैल. तीस वर्सं मी ह्याच अंगठ्यानं जंगल मोजलं. कय्यूम, तू राहशीन इथी, कारखान्यापाशी. किल्ला आहे तिथी." त्यांनी अंगठ्यावर अंगठा ठेवत मोजलं. "धा अंगठे. धा मैल!"

अहो, अडीच! अडीच मैल! मी ओरडलो असतो, पण नकाशाला तोंड नसतं आणि जी जीभ होती तिच्यावर तेंदूपानं होती.

"एका शहरात धा मैल?" सोमाजी गुरुजींनी विचारलं. ते मराठी शाळेत शिकवायचे आणि गावात इंग्रजी अक्षरं लावून वाचणारे तेवढेच.

"विलायतेची राजधानी आहे, गुरुजी. मूलचा बाजार नोहे."

मग भैयाजींचं बोट माझ्या हिरव्या भागांवर गेलं. ते माझे बगीचे, मित्रांनो. तिथे बाळं बाबागाडीत झोपतात आणि म्हातारे बदकांना पाव टाकतात. भैयाजींची मुद्रा मात्र गंभीर झाली.

"हे राखीव जंगल. ह्याच्यातून जाचं नाई. बाहेरून फेरा घ्याचा."

"शहराच्या मधात जंगल कसं असन, भाऊ?" कय्यूमने विचारलं.

"हिरवा रंग म्हंजे राखीव जंगल. हा रंग मी काल पाह्यला का बे?"

गुरुजी वाकले आणि वरच्या हिरव्या भागातली बारीक अक्षरं एकेक करून लावू लागले. "झू... ऑ... लॉजिकल. म्हंजे प्राणिसंग्रह. वाघ-सिंह ठेवतेत तिथी."

"पाहा! म्या काय म्हणलं?" भैयाजींनी मांडीवर थाप मारली. "हिरव्यात वाघ निंगाला का नाई?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता यावर काय बोलणार? मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. एका चुकीला पुरावा मिळाला आणि तोही मीच दिला.

मग पाच ऐतवार ठरले. पहिला किल्ल्याचा. दुसरा राणीच्या वाड्याचा. तिसरा मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याचा. चौथा गुरुजींच्या आग्रहाखातर म्युझियमचा. पाचवा खुद्द भैयाजींचा. साहेबाच्या मुलखात वाघाला काय खाऊ घालतात ते कय्यूमने पाहून यायचं होतं. ज्या माणसाने वाघाच्या भीतीने तीस वर्षं दिवेलागणीच्या आत नाका गाठला, त्याला पिंजऱ्यातल्या वाघासाठी एक सबंध ऐतवार हवा होता! मार्कंड्याच्या जत्रेला बैलगाडीने निघावं तसा त्यांनी बेत लिहून काढला. पहाटे चारला निघणे. दुपारी पाण्याच्या कडेला डबा खाणे. अंधाराआधी मुक्कामी परत. प्रत्येक ठिकाणाला एकेक दिवस. ही पाचही ठिकाणं शहाणा माणूस दीड दिवसात पाहून चहा प्यायला मोकळा होतो.

कय्यूमची आई रहमतबी दाराच्या चौकटीशी बसली होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. कय्यूमची बायको सुरय्या तिच्या शेजारी होती. ती मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"नाकेदारभाऊ," ती म्हणाली, "पाचातला एक ऐतवार अम्मीचा ठेवा ना. वाघ तं आमच्या आंबराईतबी येते."

"काय पाह्यचं आहे बाईले?"

रहमतबीने पदराआडून एक डबी काढली आणि डबीतून एक कागद. तिचा थोरला मुलगा मुश्ताक मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी झाला होता. त्रेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, जहाज लंडनला लागलं तेव्हा तो तापाने फणफणला आणि तिथल्या दवाखान्यात वारला. दवाखान्याचं हे पत्र आलं. त्यात मरणाची तारीख होती आणि जिथे पुरलं त्या गावाचं नाव होतं. बाकी काही नाही.

"भाऊ, मले वाडा नाई पाहाचा, घड्याळ नाई पाहाचं," रहमतबी म्हणाली. "मले एकच गोठ माहीत कराची आहे. माझ्या मुश्ताकले खांदा कोनं देल्ला? बारा वर्सं झाले, मी हेच इचार करून राह्यली. तिथी त्याचं कोन होतं? आपल्या इथी लाकूड ओढतेत तसा ओढत नेला असन का त्याले?"

भैयाजींनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते हो, हे मी रागावूनही सांगतो. पत्रातलं गावाचं नाव गुरुजींकडून वाचून घेऊन त्यांनी ते माझ्यावर अर्धा तास शोधलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. ते गाव माझ्यावर नव्हतं. लंडनच्या बाहेर, आगगाडीने तासभर लागतो असं ते ठिकाण. माझा कागद त्याच्या फार अलीकडे संपतो.

"बाई, हे गाव नकाशात नाई," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे दुसऱ्या रेंजात, दुसऱ्या साहेबाच्या हद्दीत आहे. दुसऱ्या रेंजात पाय टाकाचा तं पहिले तिथल्या साहेबाची चिठ्ठी पाह्यजे. पोरगा परमुलखात धरल्या गेला तं? वेळ उरला तं पाहू."

वेळ कुठून उरणार? पाच ऐतवार, पाच ठिकाणं. रहमतबीने पत्र पुन्हा डबीत ठेवलं आणि डबी कय्यूमच्या हातात दिली. सुरय्या फणकाऱ्याने उठून गेली.

आणि मी? खरं सांगतो, तेव्हा मला रहमतबीचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं, एवढं सुंदर छापलेलं शहर समोर असताना ही म्हातारी कुठल्या आडगावच्या कबरस्तानाचं घेऊन बसली आहे! या विचाराची मला आजही लाज वाटते.

कय्यूम लंडनला पोचला. मी त्याच्या कोटाच्या खिशात. वीस वर्षांनी मी माझ्या शहरात आलो होतो. पण आनंद करायला उसंत कुठे होती? पहिला ऐतवार उजाडला. नाकेदारांच्या हुकमाप्रमाणे कय्यूम पहाटे चारला पाव आणि उकडलेली अंडी घेऊन निघाला. पाच वाजायच्या आत तो किल्ल्यासमोर उभा होता.

आता पोचलास ना? पाहा की! पण नाही. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि मान हलवली.

"धा मैल तासाभरात कसे होतीन?" तो स्वतःशीच म्हणाला. "हा दुसराच कोनता तरी किल्ला असन. आपला चांद्याचा परकोट यापेक्षा मोठा आहे."

आणि निघाला पुढे! नदी डावीकडे ठेवून चालतो आहे, चालतो आहे. वाटेत ते मोठं घड्याळ लागलं, ज्याच्यासाठी तिसरा सबंध ऐतवार राखून ठेवला होता. कय्यूमने त्यात वेळ पाहिली, त्यावर आपलं घड्याळ लावलं आणि तसाच पुढे गेला. मी खिशात नुसता जळत होतो. अरे बाबा, हेच ते! तिसऱ्या ऐतवारचं! वर पाहा! पण तो मोजून दहा मैल झाले तेव्हा थांबला. माझ्या पश्चिमेच्या काठाशी. तिथे किल्ला नव्हता. नदीत काही पोरं होड्या वल्हवत होती. कय्यूमने काठावर बसून थंडगार अंडी खाल्ली आणि दहा मैल परत चालत आला. पायाला फोड आले. मुक्कामी येऊन त्याने भैयाजींना पत्र लिहिलं, 'किल्ला सापडला नाही. बहुतेक पाडला असावा.'

दुसऱ्या ऐतवारी राणीचा वाडा. माझ्यावर बावीस अंगठे, म्हणून नाकेदारांनी अर्धा रस्ता मोटारीने जायची मुभा दिली होती. कय्यूम बसमध्ये चढला आणि कंडक्टरला म्हणाला, "अकरा मैल." कंडक्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की माझ्या चारही रंगांचं पाणी झालं. शेवटी त्याने कय्यूमला एका बगीच्याच्या फाटकापाशी उतरवून दिलं. आत माणसं कुत्र्यांना घेऊन फिरत होती, बायका विणत बसल्या होत्या. आणि हा लोखंडी कठड्याबाहेर उभा! हिरव्यात शिरायचं नाही ना! चौकी कुठे आहे, पास कोण देतो, हे तो शोधत होता. बगीच्याला वळसा घालून घालून बिचारा मेटाकुटीला आला.

तेवढ्यात रिमझिम सुरू झाली. फाटकाजवळच्या बाकावर बसून त्याने मला उघडलं. लंडनचा पाऊस म्हणजे आपल्याकडच्यासारखा धो धो नव्हे. नुसता पिरपिर करत भिजवत राहतो. माझ्या कोपऱ्यावरची भाताची खळ फुगली, मऊ झाली, आणि तेंदूपानांची नोटीस सुटून कय्यूमच्या बुटावर पडली.

कय्यूमने कोपऱ्याकडे पाहिलं. तो मिस्त्री होता. इंग्रजी फारसं येत नसलं तरी इंच आणि आकडा त्याला आईच्या दुधापासून कळत होता. त्याने खिशातली लोखंडी पट्टी काढून माझ्यावर ठेवली, पुन्हा ठेवली.

"अरे बाप्पा! चार इंचाचा मैल?" तो ओरडला. "अंगठ्यानं मारलं ना मले, भाऊ!"

शेजारी बसलेली बाई दचकून उठली. कय्यूम आधी चिडला, मग एकटाच हसत सुटला. मग त्याने फाटकातून आत पाय टाकला आणि बगीच्यातून सरळ चालत गेला. त्या एका दिवसात त्याने वाडा पाहिला, घड्याळ पाहिलं, म्युझियममध्ये दोन तास काढले, आणि सायंकाळी किल्ल्यासमोर जाऊन त्याला हात जोडले. राहिला एक वाघ. आणि हाती तीन ऐतवार. मला वाटलं, सुटलो बुवा.

सोमवारी कारखान्यात कळलं की परतीचं जहाज ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी सुटणार आहे. पुढचं जहाज कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणजे आता एकच ऐतवार उरला.

एक ऐतवार! त्या आठवड्यात माझा नुसता जळफळाट झाला. पहिला ऐतवार वाया गेला नसता तर! त्या खळीच्या ठिगळाने, त्या अंगठ्याने, त्या हिरव्या जंगलाने आठ दिवस खाल्ले होते. आणि समोर भैयाजींचा वाघ होता. ज्यांनी शेठजवळ शब्द टाकला म्हणून कय्यूम लंडनला आला, त्यांनी एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती. गावासमोर कय्यूमने हो म्हटलं होतं.

शनिवारी रात्रपाळी नव्हती. कय्यूम खाटेवर बसला. एका हातात बेताचा कागद, दुसऱ्या हातात आईची डबी. फार वेळ नाही बसला. बेताचा कागद त्याने उशीखाली सरकवला.

पण भीती होती. दुसऱ्या रेंजात पाय टाकायला साहेबाची चिठ्ठी पाहिजे, हे भैयाजींचं बोलणं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्याने काय केलं असेल? कारखान्याच्या फोरमनच्या घरी गेला, आईचं पत्र दाखवलं आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत चिठ्ठी मागितली. इथे चिठ्ठी कशाला लागते? तिकीट काढलं की माणूस कुठेही जातो! मला लाजेने घडी घालून बसावंसं वाटलं. फोरमनही आधी गोंधळला. मग त्याने पत्र पुन्हा वाचलं, कागद घेतला आणि लिहून दिलं, 'हा आमचा माणूस आहे. आपल्या भावाच्या कबरीवर चालला आहे. त्याला मदत करावी.'

तिसऱ्या ऐतवारी आम्ही आगगाडीत बसलो. पाच-सात स्टेशनं मला ओळखीची वाटली. मग माझा काठ आला आणि गेला. त्याच्यापुढे शेतं होती, गाई होत्या, आणि त्यांतलं मला काहीच माहीत नव्हतं. आयुष्यभर मी लोकांच्या अडाणीपणावर चिडत आलो होतो. त्या गाडीत मी कय्यूमइतकाच अडाणी होतो. त्याने मला एकदाही खिशाबाहेर काढलं नाही. आईचं पत्र दाखवत दाखवत तो बरोबर पोचला.

कबरस्तानाची कचेरी बंद होती. ऐतवार ना! पाटीवर तसं लिहिलेलं. कय्यूम पायरीवर मटकन बसला. इतक्या लांब येऊन! मागच्या बाजूला रखवालदाराचं घर होतं. म्हातारा वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता. त्याने हाताने 'उद्या' अशी खूण केली. उद्या कसलं? उद्या कारखाना होता आणि पुढच्या ऐतवाराआधी जहाज सुटणार होतं. कय्यूमने फोरमनची चिठ्ठी पुढे केली. म्हाताऱ्याने ती वाचली, हात कोटाला पुसले आणि किल्ल्या घेऊन आला. मित्रांनो, ज्या चिठ्ठीवर मी नाक मुरडलं होतं, तिनेच दार उघडलं. नाकेदार अगदीच चुकीचे नव्हते.

म्हाताऱ्याने त्रेचाळीस सालचं जाडजूड पुस्तक काढलं. बोटाने ओळी लावत थांबला. मुश्ताकचं नाव होतं, जहाजाचं नाव होतं, कबरीचा नंबर होता. आणि त्याखाली एक रकाना. लढाईच्या दिवसांत आत येणाऱ्या प्रत्येकाची सही घ्यायचे. सहा जण आले होते. त्याच जहाजावरचे खलाशी. दोघांच्या सह्या होत्या, चौघांचे अंगठे, आणि शेजारी कुणीतरी कारकुनाने नावं-गावं लिहून घेतलेली. म्हाताऱ्याला तो दिवस आठवत होता. त्याने आपल्या खांद्यावर हात ठेवला, मग फाटकाकडे बोट दाखवलं, मग थेट कबरीपर्यंत. या सहा जणांनी मयताची गाडी फाटकाबाहेर ठेवून मुश्ताकला खांद्यावरून नेलं होतं.

कय्यूमजवळ कोरा कागद नव्हता. पेन्सिल होती. त्याने मला टेबलावर पालथं घातलं आणि म्हातारा वाचत गेला तशी माझ्या पाठीच्या कापडावर ती सहा नावं उतरवून घेतली. उर्दूत, एकाखाली एक. मग तो कबरीपाशी गेला. गवत कापलेलं होतं. त्याने फातेहा वाचला, आणि त्याचा आवाज मधेच बसला, म्हणून पहिल्यापासून वाचला.

मूलला परतलो तेव्हा स्टेशनवर सगळे होते. ओसरीवर सगळे पुन्हा जमले.

"वाघाले काय देतेत तिथी?" भैयाजींनी बसताक्षणी विचारलं.

"वाघ राह्यला, भाऊ."

भैयाजींचं तोंड पडलं. ते काही बोलणार तोच कय्यूमने मला चटईवर ठेवलं. पालथं. सगळ्या गावाला लंडन पाहायचं होतं, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून होतो.

"अम्मी, सहा जन होते," कय्यूम म्हणाला आणि वाचायला लागला. "अब्दुल गनी, सिल्हेटचा. दाऊद, रत्नागिरीचा. इलाहीबक्ष, चाटगावचा. नारन टंडेल, दमणचा. पेद्रू, गोव्याचा. सुलेमान, कच्छचा. खांद्यावर नेला. गाडीतून नाई."

रहमतबी चौकटीतून उठून पहिल्यांदा चटईपर्यंत आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोजलं. सहा.

"सहा जन होते," ती म्हणाली. "मंग नीट उचलला असन. झोके बसले नसतीन त्याले."

बारा वर्षांत पहिल्यांदा ती रडली, असं सुरय्या नंतर सगळ्यांना सांगायची. भैयाजी खाली पाहत होते. त्यांचा तो नाक्यावरचा आवाज आला, पण फाटका.

"पुन्हा वाच बे, कय्यूम. हळू."

कय्यूमने पुन्हा वाचलं. मग भैयाजींनी मला उचललं आणि रहमतबीच्या हातात दिलं.

"हा तुमचा झाला, बाई. मी तं ह्याले उलटाच पाहत होतो."

तेव्हापासून मी रहमतबीच्या घरात भिंतीवर आहे. माझं सारं लंडन, तो किल्ला, ती नदी, ते हिरवे बगीचे, भिंतीकडे तोंड करून आहे. जगाला दिसते ती माझी पाठ. नकाशाची याहून मोठी फजिती नसेल, असं तुम्हाला वाटेल. मला आधी वाटलं होतं. आता रहमतबी रोज सकाळी समोर उभी राहते आणि सुरय्याकडून सहा नावं वाचून घेते. ज्यांना तिने कधी पाहिलं नाही, त्या सहांसाठी ती दुआ मागते. त्या वेळी माझ्यातला सगळा चिडचिडेपणा उतरतो.

मित्रांनो, कुणाच्या प्रवासाचा बेत आखायला बसाल तेव्हा दाराशी गप्प बसलेल्या माणसाला सर्वांत आधी विचारा. आणि या घरी कधी आलात, तर मला जरूर पाहा. जवळ या, बोट ठेवून वाचा. फक्त धूळ झटकायला ओलं फडकं लावू नका. नावं पेन्सिलीने लिहिलेली आहेत.